रॅचेट पाना ऐन जोरात दाते सोडतो आहे: खाऱ्या हवेत साफसफाई आणि वंगणाची रीत कोणती?

खाडीकाठ (रत्नागिरी)

मिरकरवाडा बंदरापासून थोड्या अंतरावर माझे लहानसे वर्कशॉप असून होड्यांची डिझेल एंजिने, आऊटबोर्ड मोटारी आणि अधूनमधून शेजाऱ्यांच्या दुचाकी असे काम तेथे चालते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि वर्षभर पुढे ढकललेली सारी दुरुस्ती याच काळात आमच्या गळ्यात पडते, त्यामुळे हत्यारांची खरी परीक्षा नेमकी पावसाळ्यात होते.

गेल्या आठवड्यात सहा सिलिंडरच्या एंजिनाचे हेड सोडवत असताना माझा अर्धा इंची, ७२ दात्यांचा रॅचेट ऐन जोरात असताना दोनदा दाते सोडून गेला. दुसऱ्या वेळी हात थेट मॅनिफोल्डच्या कडेवर आपटला आणि मधल्या दोन बोटांची सालटी निघाली. या पान्याकडे मी दुर्लक्ष केले असेही म्हणता येणार नाही, कारण गेल्या वर्षी मीच तो उघडून, रॉकेलने स्वच्छ धुऊन, त्यात एपी-३ ग्रीस ठासून भरले होते; जेथे ग्रीस आहे तेथे खारे पाणी शिरणार नाही, असा माझा समज होता. आता झाकण काढून पाहिले तेव्हा ते ग्रीस तपकिरी, वाळत आलेल्या फणसाच्या चिकासारखे झालेले दिसले आणि त्यात धातूची चमकदार पूड मिसळलेली होती. डोक्याच्या कडेला, जेथे क्रोम उडाला आहे तेथे, मोहरीएवढे गंजाचे फोडही आले आहेत.

हा पाना कशाने धुवावा, त्यात पुन्हा ग्रीस भरावे की नुसते तेल सोडावे आणि आपल्याकडच्या हवेत हे काम किती महिन्यांनी करावे, याविषयी प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. ‘नवा घ्या’ हा सल्ला मला दुकानदाराकडून आधीच मिळालेला आहे.

गंजलेला_नट (अलिबाग)

यात एवढे अवघड काय आहे? डब्ल्यूडी-४० चा फवारा मारावा, चारदा फिरवून घ्यावा आणि कामाला लागावे. माझ्या सायकलच्या पान्यांना मी वर्षानुवर्षे दुसरे काही लावलेले नाही.

जुना_फिटर (देवगड)

खाडीकाठ, जखमेवर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल तर ते आधी घ्या. पाना दोन दिवस थांबेल.

रॅचेटच्या डोक्यात मोजून पाच-सहा भाग असतात. गोटी (सॉकेट) बसवण्याचा चौकोनी खुंट ज्याला जोडलेला असतो ते दातेरी चाक, त्या दात्यांत अडकणारा पॉल, पॉलला दात्यांवर दाबून धरणारी स्प्रिंग, दिशा बदलणारी कळ, बहुतेक पान्यांत त्या कळीखाली बसणारी छर्र्याएवढी गोळी आणि वरचे झाकण. पाना उलट फिरवताना जी टिकटिक ऐकू येते ती पॉल दात्यांवरून उड्या मारत जाण्याची असते आणि प्रत्येक उडीनंतर स्प्रिंगने त्याला दात्याच्या तळापर्यंत पुन्हा ढकलावे लागते. ३६ दात्यांच्या पान्यात एक दाता पुढे जाण्यासाठी मूठ १० अंश फिरवावी लागते, तर ७२ दात्यांच्या पान्यात ५ अंश पुरतात. अडचणीच्या जागी हीच सोय म्हणून आपण बारीक दात्यांचा पाना घेतो. परंतु तेवढ्याच चाकावर दुप्पट दाते बसवले की दोन दात्यांमधले अंतर जेमतेम मिलिमीटरभर उरते आणि दात्याची खोली त्याहूनही कमी होते. त्या बारीक खोबणीत घट्ट ग्रीस बसले, की पॉल तळाला टेकत नाही आणि दात्याच्या टोकावरच लटकून राहतो. हलक्या कामात हे जाणवत नाही, मात्र हेडच्या बोल्टवर अंगभार टाकला की ते टोक सुटते. एपी-३ या नावातला तीनचा आकडा हा ग्रीसच्या घट्टपणाचा, म्हणजे एनएलजीआय प्रतीचा आकडा होय. चाकाच्या बेअरिंगमध्ये ते उत्तम काम करते. बारीक दात्यांच्या रॅचेटमध्ये त्याला जागाच नाही. तुमच्या वडिलांच्या वेळच्या ठोकळेबाज पान्यात तेच ग्रीस कदाचित खपून गेले असते.

तथापि, माझ्या मते तुमची मोठी चूक ग्रीसची नसून तुम्ही रॉकेलवर थांबलात ही आहे. मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही, डिझेलमध्ये नाही आणि पेट्रोलमध्येही नाही. पाना रॉकेलात बुचकळला की चिकटा जातो, धातू चकचकीत दिसतो आणि मिठाचे कण मात्र खाचाखोचांत जेथल्या तेथे राहतात. वर ग्रीस भरले की आपण ते मीठ आत कोंडून दार लावून घेतो. समुद्राच्या मिठात नुसते सोडियम क्लोराइड नसते, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ३३ टक्के असली तरी पाणी ओढून घेऊ लागते. आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली येते तरी कधी? म्हणजे मीठ राहिलेला पाना कपाटात ठेवला, तरी तो व्यवहारात ओलाच असतो.

हत्याराला पाणी लावायचे म्हटले की मिस्त्री लोक अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात, हे मला ठाऊक आहे. तरीही रॉकेलने ग्रीस काढल्यानंतर सगळे भाग कोमट गोड्या पाण्यात, भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून, जुन्या टूथब्रशने घासावेत आणि साध्या पाण्यातून दोनदा खळबळून काढावेत. शेवटचे पाणी हाताला सोसेल इतके गरम असेल तर धातू स्वतःच्या उष्णतेने लवकर सुकतो. चुलीवर किंवा तव्यावर तापवून सुकवण्याचा मोह टाळावा, कारण स्प्रिंगचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले की ती निकामी होते. सुकल्यावर लगेच, म्हणजे चहा पिऊन आल्यावर नव्हे, तेल लावावे.

वंगण म्हणून शिलाई मशीनचे तेल पुरेसे असते. चाकाच्या कडेला दोन थेंब, पॉलच्या बैठकीत एक थेंब आणि चाक ज्या भोकात फिरते त्याच्या आतल्या भिंतीवर मऊ ग्रीस, तेही मोहरीएवढे, बोटाने पुसून पातळ केलेले. ग्रीस वापरायचेच असेल तर शून्य किंवा एक प्रतीचे घ्यावे. बंद केल्यावर टिकटिक स्वच्छ, कोरडी ऐकू आली पाहिजे. आवाज दबका आला तर वंगण जास्त झाले असे समजून पुन्हा उघडावे.

पेट्रोलने धुण्याची सवय अनेकांना असते. रॉकेलची वाफ पेट घेण्यासाठी ते किमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, उलट पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. बंद शेडमध्ये वेल्डिंग चालू असताना परातभर पेट्रोल घेऊन बसलेला माणूस मी पाहिला आहे आणि त्याला शिव्याही दिल्या आहेत.

गंजलेला_नट (अलिबाग)

फिटरकाका, आपले विवेचन पटले. परंतु डब्ल्यूडी-४० चे नाव निघाले की सगळे जाणकार नाके का मुरडतात, हे मला अजूनही समजलेले नाही. निदान माझे पाने गंजलेले तरी नाहीत.

पागोळी (मालवण)

नाक मुरडण्याचे कारण नाही, त्याचे काम ओळखण्याचा प्रश्न आहे. हे रसायन १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे, रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या लहानशा संस्थेत तयार झाले आणि ॲटलस क्षेपणास्त्राचे बाह्य कवच गंजू नये यासाठी ते वापरले गेले. नावातली दोन अक्षरे ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत आणि ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमल्याचा आहे. त्यातला मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो आणि मागे राहतो तो तेलाचा अगदी पातळ थर. म्हणून फिटरकाकांनी सांगितलेल्या पाण्याच्या धुलाईनंतर, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि गोळीच्या भोकात अडकलेले पाणी बाहेर काढण्यासाठी मी तेच वापरते. ते पुसून घेते आणि मग खरे तेल देते. बंद पान्यात नुसता फवारा मारत राहिल्यास जुने वंगण पातळ होऊन वाहून जाते आणि द्रावक उडाल्यावर दाते कोरडे पडतात.

माझ्याकडे जलक्रीडेच्या बोटींच्या आऊटबोर्ड मोटारी सांभाळण्याचे काम असल्याने माझे पाने दिवसातून चार वेळा प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यात भिजतात. यातून मला जे महागात शिकावे लागले ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सगळे रॅचेट उघडून अगदी मन लावून धुतले, सुकवले, तेल दिले आणि चौथ्या दिवशी पाहते तर दात्यांच्या मुळाशी केशरी रेघ. तेलात दोष असावा म्हणून मी तेल बदलले, पण तेच घडले. शेवटी लक्षात आले की आमची विहीर किनाऱ्यालगत असून उन्हाळ्याच्या शेवटी तिचे पाणी मचूळ होते. मी मीठ काढण्यासाठी मिठाचेच पाणी वापरत होते. आता पाऊस नीट लागला आणि छपरावरची धूळ व खार पहिल्या काही सरींत वाहून गेली, की पागोळीखाली हंडा लावून पाणी धरून ठेवते आणि शेवटची खळबळ त्याच पाण्याने करते. (माझ्या येथील नावाचा उगम आता सर्वांना कळला असेल.) खाडीकाठ, आपल्या वर्कशॉपमधले पाणी विहिरीचे असल्यास आधी जिभेला लावून पाहावे.

कुंपणावरचा (कुडाळ)

एक भाबडी शंका विचारतो. आमच्या घरी तांब्यापितळेची भांडी आमसुलाने घासली की लखलखतात. मग गंजलेला पाना रात्रभर कोकम आगळात बुडवून ठेवला तर गंज निघणार नाही का?

जुना_फिटर (देवगड)

गंज निघेल आणि त्याहून अधिक येईल. आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते, हे आपण विसरलात! बिनमिठाचे आंबट वापरले तरी आम्ल गंजापुरते थांबत नाही, खालचे पोलादही खाते. त्यातही स्प्रिंगचे पोलाद आम्लात फार वेळ राहिले तर त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि पुढे एखाद्या दिवशी विनाकारण तुटते. गंजाचे फोड वरवरचे असतील तर तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने हळू घासावेत. उडालेला क्रोम परत येत नाही, ती जागा तेलाच्या बोटाने रोज झाकावी एवढेच आपल्या हाती असते. आगळाची सोलकढी करावी.

लालमाती (लांजा)

वरील चर्चा किनाऱ्यापुरती योग्य आहे, परंतु तेलाच्या बाबतीत आम्हा चिरेखाणीवाल्यांचे दुखणे वेगळे असल्याने थोडे लिहितो. मी जांभा दगड कापणाऱ्या यंत्रांची देखभाल करतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ही लाल धूळ हवेत इतकी भरलेली असते की दुपारचा डबा उघडताच भातावर तिची साय धरते. तेल लावलेल्या पान्यावर ती बसली की तिचा व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखा लेप तयार होतो आणि पॉलच्या कडा झिजू लागतात. म्हणून आमच्याकडे आत तेल जेमतेम आणि बाहेर अजिबात नाही, असा दंडक आहे. संध्याकाळी पाना कोरड्या कापडाने पुसून जाड कापडी पिशवीत जातो आणि दर पंधरा दिवसांनी झाकण काढून आतले पुसून पुन्हा दोन थेंब दिले जातात.

आणखी एक गोष्ट अनेक जण चुकीची करतात असे मला वाटते. बंद पान्याच्या फटीत कॉम्प्रेसरची हवा मारून तो साफ झाला असे समजले जाते. प्रत्यक्षात बाहेरची धूळ त्या दाबाने आत जाते, शिवाय टाकीतले साठलेले पाणी काढलेले नसेल तर हवेबरोबर तेही जाते. हवा मारायचीच तर भाग सुटे केल्यावर मारावी.

नवशिका (चिपळूण)

माझ्याकडे ठरवलेल्या जोराला क्लिक होणारा टॉर्क पाना आहे. त्याच्या डोक्यातही रॅचेटच असते, तर तोही याच रीतीने उघडून रॉकेलमध्ये धुतला तर चालेल काय?

पागोळी (मालवण)

कृपया असे करू नका. त्याच्या दांड्यातील स्प्रिंग आणि क्लिक होणारा भाग कारखान्यातच विशिष्ट वंगण लावून जुळवलेले असतात. ते वंगण रॉकेलने धुऊन गेले की पाना क्लिक तर होतो, पण चुकीच्या जोराला होतो, आणि ते आपल्याला कळतही नाही. तो बुडवायचा नाही, बाहेरून ओलसर कापडाने पुसून कोरडा करायचा, काम झाल्यावर सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा आणि बोल्ट सोडवण्यासाठी कधीही वापरायचा नाही. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर १२ महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरून झाल्यावर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तो तपासून घ्यावा असे आयएसओ ६७८९ हे मानक सांगते. डोक्यातले रॅचेट कुरकुरत असेल तर तपासणीला द्याल तेव्हा त्यांनाच पाहू द्यावे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे आभार मानून झालेले काम नोंदवतो. काल रविवारी पावसाने बाहेरचे काम बंद पाडले, तेव्हा घरून जुनी परात आणली, तिच्यात पांढरे फडके अंथरले आणि पाना उघडायला घेतला. आतले भाग जागेवर धरणारी सर्कलिप (स्प्रिंगसारखी कडी) सोडवताना हात व पाना दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घातले होते, ही सावधगिरी उपयोगी पडली. कळ उचलताच गोळी टणकन उडाली आणि पिशवीला आपटून खाली पडली. पिशवी नसती तर ती थेट शेडबाहेरच्या चिखलात गेली असती. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढले, कारण पॉल उलटसुलट दोन्ही बाजूंनी बसतो असे मला वाटत होते आणि तसे नव्हते.

ग्रीस काढायला रॉकेलात पाऊण तास गेला. ते काळे झालेले रॉकेल वापरलेल्या ऑइलच्या पिंपात ओतले, खाडीत नव्हे. त्यानंतर पागोळीताईंच्या सूचनेप्रमाणे नळाच्या आणि शेवटी पावसाच्या पाण्याने धुतले. पहिल्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवून पाहिला, तर मागे पांढरी, चाखल्यास खारट लागणारी खपली उरली. गेल्या वर्षी रॉकेलने ‘स्वच्छ’ धुतलेल्या पान्यातून हे निघाले, हे पाहून मी काही वेळ गप्पच बसलो.

मात्र धुतल्यावर जे दिसले त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. चाकाचे दाते शाबूत आहेत, पण पॉलची एक बाजू झिजलेली आहे. पॉलच्या दोन्ही टोकांना बारीक दाते आहेत. एका टोकाचे दाते नखाला बोचतात, तर दुसऱ्या टोकाचे नखाखाली गुळगुळीत लागतात आणि बॅटरीच्या उजेडात त्यांच्या माथ्यावर सरळ पट्टा चमकतो. तेल देऊन पाना जोडला तेव्हा टिकटिक नव्यासारखी ऐकू आली. नंतर व्हाइसमध्ये बोल्ट धरून पाहिले असता आवळण्याच्या दिशेला त्याने पूर्ण जोर घेतला, पण सोडवण्याच्या दिशेला एकदा निसटलाच.

जुना_फिटर (देवगड)

नेमके दिसले आहे. आपल्या पान्यात पॉलचे एक टोक आवळताना काम करते आणि दुसरे सोडवताना. होडीच्या एंजिनाचे बोल्ट आवळताना जोर मापात असतो, सोडवताना मात्र गंजून बसलेला बोल्ट दुप्पट झगडतो. ग्रीसमुळे पॉल टोकावर लटकत होता आणि त्याच अवस्थेत आपण सोडवण्याचा जोर दिल्याने दात्यांचे माथे कुटले गेले. आता एक प्रश्न विचारतो, त्याचे खरे उत्तर द्यावे: मुठीवर नळी चढवत होता का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

होय. जीआय पाइपचा दोन फुटी तुकडा.

जुना_फिटर (देवगड)

मग पान्याने वर्षभर तग धरला याचेच कौतुक वाटते. रॅचेटची मूठ जेवढ्या लांबीची दिली आहे तेवढाच जोर त्या पॉलने घ्यावा, अशी तिची रचना असते. गच्च बसलेला बोल्ट आधी ब्रेकर बारने किंवा टी-बारने (दाते-पॉल नसलेल्या साध्या दांड्याने) अर्धा वेढा सैल करावा आणि मग रॅचेट लावावा. चांगल्या कंपन्यांच्या पान्यांसाठी चाक, पॉल, स्प्रिंग आणि सर्कलिप एकत्र असलेला दुरुस्ती संच मिळतो, मात्र मुठीवर कोरलेला मॉडेल क्रमांक दुकानदाराला तंतोतंत सांगावा लागतो. दात्यांची संख्या सारखी असली तरी दुसऱ्या मॉडेलचा पॉल बसत नाही. चाक आणि पॉल जोडीनेच बदलावेत. झिजलेल्या कडेला कानस लावून धार काढण्याच्या भानगडीत पडू नये, त्यावरचा कठीण थर पातळ असतो.

वेळापत्रकाचे विचारले होते ते राहिले. होडीवरच्या कामानंतर त्याच संध्याकाळी बंद पाना बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसावा. उघडून पूर्ण धुणे वर्षातून दोनदा, एकदा बंदी लागण्यापूर्वी मेअखेरीस आणि एकदा नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पुन्हा पाण्यात उतरल्यावर. पाना समुद्रात पडला तर कॅलेंडर पाहू नये, त्याच दिवशी उघडावा.

पागोळी (मालवण)

आणि पेटीतला स्पंज काढून टाकावा. खाचा कापलेल्या त्या स्पंजमध्ये हत्यारे सुंदर दिसतात, पण तो खारा ओलावा धरून ठेवतो. माझ्या पान्यांना गंज नेहमी स्पंजला टेकलेल्या बाजूनेच लागला आहे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

स्पंज काढला, खालच्या बाजूला हात लावला तर तो खरोखरच दमट होता. मॉडेल क्रमांक मुठीवर गंजाखाली दडलेला होता, तेलात घासल्यावर वाचता आला. दुकानदाराने संच कोल्हापुरातून मागवला असून तो येण्यास आठवडा लागेल असे सांगितले आहे. तोपर्यंत राहिलेले हेड टी-बारने सैल करून वडिलांच्या ३६ दात्यांच्या पान्याने उतरवतो आहे. त्यातले वंगण कोणत्या साली भरलेले आहे हे देव जाणे, पण टिकटिक स्वच्छ येते.

पाइपचा तुकडा पोराने पन्हळीच्या टेकूला लावला आहे.